फुलांच्या गुळण्या आणि सासूबाईंची मिश्री

पत्र

डॉक्टर मॅडम, नमस्कार. मी चोपडा तालुक्यातल्या एका गावातून लिहिते आहे. घरात सासूबाई, मिस्टर, मी आणि सहा वर्षांचा मुलगा. सासूबाई तरुणपणापासून मिश्री लावतात. हल्ली त्यांच्या हिरड्यांतून रक्त येतं, खालचे पुढचे दात हलतात, तोंडाला वास येतो. त्यांना शुगर आहे, गोळी चालू आहे. मिस्टरांच्या खालच्या दाढेला खड्डा पडलाय. ठणका लागला की लवंगेच्या तेलाचा बोळा ठेवतात आणि शेतात निघून जातात. मुलाच्याही एका मागच्या दाढेवर काळा डाग दिसतोय, पण ती दुधाची असेल म्हणून आम्ही काही केलं नाही.

मोबाइलवर पाहिलं की झेंडू, जास्वंद, धायटी, मोह अशा फुलांनी दातातले जंतू मरतात आणि पेस्टमध्ये नुसतं केमिकल असतं. आमच्याकडे सातपुड्यातून धायटीची आणि मोहाची फुलं विकायला येतात, झेंडू तर बांधावरच आहे. कोणत्या फुलाचं पाणी करू? किती दिवस? पेस्ट बंद केली तर चालेल का? बाजाराच्या दिवशी एक जण दातातला किडा काढून दाखवतो, सासूबाई त्याच्याकडे जायचं म्हणतात. दवाखान्याचं नाव काढू देत नाहीत, मशीन लावली की दात ढिले होतात म्हणे. आणि पाडव्याला मी कडुनिंबाचा मोहोर जास्तीचा वाळवून ठेवलाय, त्याचं मंजन करू का?

— एक सूनबाई

उत्तर

ताई, पत्रात तुम्ही तीन जणांची तोंडं उघडून दाखवलीत आणि प्रश्न मात्र फुलांचा विचारलात. आधी फुलांचं सांगते, मग तोंडांकडे वळू.

फुलांत जंतूंना मारणारे घटक असतात, हे खरं आहे. तुम्ही पाहिलेल्या व्हिडिओत त्यापुढचं गाळलं असणार. प्रयोगशाळेत हे कसं तपासतात ते ऐका. काचेच्या चपट्या बशीत अगरचा, म्हणजे समुद्रशेवाळापासून काढलेल्या पदार्थाचा थर असतो. त्यावर स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स नावाचा, दात किडवण्यात पुढाकार घेणारा जंतू पसरतात. थराला छोटं भोक पाडून त्यात फुलाचा अर्क सोडतात आणि बशी अंगाच्या उष्णतेइतक्या उबदार पेटीत ठेवून देतात. दुसऱ्या दिवशी बशीभर जंतूंचा धुरकट थर धरलेला असतो, पण अर्काच्या भोकाभोवती गोल, स्वच्छ कडं उमटतं. तेवढ्या भागात जंतू वाढू शकले नाहीत. ते कडं किती मिलिमीटर आलं ते पट्टीने मोजतात. शेजारच्या भोकात क्लोरहेक्सिडीन, म्हणजे आम्ही हिरड्यांसाठी लिहून देतो ते औषध घालून तुलना करतात. धायटी, जास्वंद, लवंग, झेंडू, सगळ्यांची अशी कडी उमटलेली आहेत.

आता तोंडात काय होतं बघा. बशीतला अर्क बहुतेक वेळा मिथेनॉल किंवा अल्कोहोलमध्ये काढून, आटवून घट्ट केलेला असतो. चुलीवर उकळलेल्या पाण्यात त्याच्या मानाने फारच थोडं उतरतं. बशीत तो जंतूंना रात्रभर भिडलेला असतो. गुळणी तुम्ही अर्धा मिनिट धरता, नंतर लाळ सगळं धुऊन नेते, आणि लाळ दिवसाला अर्धा ते दीड लिटर सुटते. शिवाय दातावरचे जंतू सुटे नसतात. स्वतःभोवती चिकट जाळं विणून ते थर करून बसतात. पाण्याच्या टाकीला आतून बुळबुळीत थर धरतो ना, अगदी त्याच जातीचा प्रकार. वरून पाणी ओतून तो निघत नाही, हात घालून घासावा लागतो. म्हणूनच बशीत मरणारा जंतू दातावर त्याच औषधाला दाद देत नाही.

आपल्या जुन्या लोकांना जंतू दिसले नव्हते, तरी घासण्याचं महत्त्व कळलं होतं. चरकसंहितेत दातवणाबद्दल सांगितलंय ते असं: काडीचं टोक ठेचून घ्या, चव तुरट, तिखट किंवा कडू असावी, दिवसातून दोन वेळा वापरा आणि हिरड्यांना इजा होऊ देऊ नका. म्हणजे झाडाचा गुण आहेच, पण टोक ठेचून त्याचा कुंचला करायचा, दोनदा घासायचं, हिरडी जपायची. आयुर्वेदाच्या नावाने व्हिडिओ करणारे यातलं घासणं सोडतात आणि झाडाचं नाव तेवढं घेतात, याचा मला खरंच वैताग येतो.

तेव्हा पेस्ट बंद करू नका. दाताचं कवच घट्ट करणाऱ्या फ्लोराइडची साधी पेस्ट, वेष्टनावर १००० ते १५०० पीपीएमच्या (दहा लाखांत इतके भाग फ्लोराइड) दरम्यान आकडा असलेली, सकाळी एकदा आणि रात्री झोपण्याआधी एकदा, दोन-दोन मिनिटं. घासून झाल्यावर नुसतं थुंका, खळखळून चूळ भरू नका. फ्लोराइड दातावर जेवढं टिकेल तेवढं बरं. केमिकल म्हणाल तर फुलातला जंतू मारणारा घटकही केमिकलच आहे, म्हणून तर तो मारतो.

एवढं झाल्यावर आता एकेक फूल घेऊ.

काखेत कळसा म्हणतात तसं, यातलं सगळ्यात कामाचं फूल तुमच्या मसाल्याच्या डब्यातच आहे. लवंग म्हणजे झाडाची न उमललेली, वाळवलेली कळी. एक लवंग हातात घेऊन बघा, टोकाची गोल बोंडी म्हणजे मिटलेल्या पाकळ्या आणि तिला धरून असलेली चार टोकं. तिच्या तेलात सत्तर ते नव्वद टक्के युजेनॉल असतं. हे युजेनॉल जंतूंच्या बाहेरच्या पडद्याला भोकं पाडतं आणि दाताच्या नसेला बधिरही करतं. दातांच्या दवाखान्यात पाऊल टाकल्याबरोबर जो ओळखीचा वास येतो तो याचाच. झिंक ऑक्साइडच्या पांढऱ्या भुकटीत युजेनॉल कालवून आम्ही तात्पुरतं सिमेंट भरतो, आणि हे शंभर वर्षांहून जास्त काळ चाललंय. आजीबाईच्या बटव्यातून थेट दवाखान्याच्या ट्रेमध्ये आलेलं फूल म्हणाल तर हे एकच.

पण तेल जपून. निव्वळ तेल हिरडीला किंवा गालाला लागलं तर कातडी पांढरी पडते, सोलते, भाजल्यासारखी जखम होते. दाढ दुखतेय म्हणून आलेल्या माणसाचा आम्हाला आधी गाल बरा करावा लागतो. वेळ मारून न्यायचीच असेल तर अख्खी लवंग दाढेजवळ धरून हलकेच चावावी. तेलच वापरायचं तर कापसाच्या बारीक बोळ्यावर एक थेंब, तोही खड्ड्यातच, हिरडीला लागू न देता. आणि ती बाटली मुलाच्या हाताला लागणार नाही अशी वर ठेवा. चमचा-दोन चमचे लवंगतेल पोटात जाऊन लहान मुलं बेशुद्ध झाल्याच्या, यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. हे घाबरवायला सांगत नाही, पण वनस्पतीचं आहे म्हणजे निरुपद्रवी असणार या समजुतीत ही बाटली खालच्या फळीवर राहते.

धायटी तुमच्याकडे येते हे छान आहे. उन्हाळ्याच्या तोंडावर सातपुड्याच्या उतारांवर ही तांबडी फुलं झुडपाला दाटीने लागतात, आणि आसवं-अरिष्टं आंबवायला वैद्य तीच वापरतात. तिच्यात टॅनिन नावाचं तुरट द्रव्य भरपूर असतं. टॅनिन प्रथिनांना धरतं, म्हणून गुळणी केली की तोंड आवळल्यासारखं वाटतं, हिरड्यांना घट्टपणा येतो, रक्त थोडं थांबतं. घरात कोणाच्या हिरड्या हुळहुळत असतील तर खुशाल करा: चमचाभर सुकी फुलं निवडून-धुऊन दोन कप पाण्यात घाला, पाणी अर्धं होईपर्यंत उकळा, दुहेरी कपड्यातून गाळा, कोमट झालं की गुळणी करा. गिळू नका. सकाळ-संध्याकाळ, फार तर दोन आठवडे. रोजच्या रोज ताजं करा, कालचं वापरू नका. जास्त दिवस केलं तर टॅनिनने दातांवर तपकिरी डाग चढतात. फुलं मिळाली नाहीत तर अडून बसू नका, कोमट पाण्याच्या पेल्यात अर्धा चमचा मीठ घातलं तरी सुजलेल्या हिरडीला बराच आराम पडतो.

एक मात्र लक्षात ठेवा. रक्त थांबलं म्हणजे रोग गेला असं नाही. धायटीने हिरडी वरून आवळते, तिच्या खाली दडलेलं किटण, म्हणजे दातावरचा दगडासारखा कडक झालेला थर, जागच्या जागीच राहतं.

झेंडूची गोष्ट वेगळी आहे. परदेशातल्या ज्या फुलाच्या गुळण्यांचे अभ्यास दाखवतात ते कॅलेंडुला. आपला दसऱ्याचा झेंडू हे वेगळं झाड, ते मूळचं मेक्सिकोतलं. दोन्ही पिवळी-केशरी, एवढंच साम्य. कॅलेंडुलाचा चांगला अभ्यास आपल्याच देशात झालाय, २०१३ मध्ये छापून आला. २४० जण, सहा महिने. अर्ध्यांना अर्क घातलेलं पाणी, अर्ध्यांना नुसतं पाणी. अर्कवाल्यांच्या हिरड्यांची सूज आणि रक्त खरंच कमी झालं. पण त्यातली माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची ओळ कोणी वाचून दाखवत नाही: तिसऱ्या महिन्यात दोन्ही गटांच्या दातांवरचं किटण काढलं, त्यानंतर दोन्हीकडे सुधारणा झाली, अर्कवाल्यांत जास्त झाली. फूल उपयोगी पडलं ते सफाईच्या जोडीला. तुमच्या बांधावरच्या झेंडूला हा दाखला लागू होत नाही. शिवाय शेजारी कापूस असेल तर त्याच्या फवारणीतून झेंडू सुटत नाही. तोरणाला लावा, तोंडात नको.

जास्वंदीच्या पाकळ्यांचं पाणी करून फार काही हाती लागणार नाही, अपायही होणार नाही. तिच्याच कुळातल्या लाल अंबाडीच्या बोंडांचं पाणी मात्र हल्ली गुळण्यांसाठी सांगतात, त्यापासून सावध राहा. जंतूंवर त्याचा परिणाम होतो, पण ते विलक्षण आंबट असतं. तोंडातला पीएच, म्हणजे आंबटपणा मोजायचा आकडा (जितका कमी तितकं आंबट), साधारण ५.५ च्या खाली गेला की दाताचं कवच विरघळायला लागतं, आणि बोंडांचं पाणी त्याच्या कितीतरी खाली जातं. अंबाडीची भाजी भाकरीबरोबर खा, तिला कोणी नको म्हणणार नाही. बोंडांचं आंबट पाणी तोंडात घोळवत बसू नका.

मोहाचं नाव त्या यादीत कसं आलं, देव जाणे. सुकलेल्या मोहाच्या फुलाच्या वजनात निम्म्याहून जास्त साखर असते, म्हणून तर त्याची दारू होते आणि म्हणून तर पाड्यावरची मुलं ती खाऊसारखी खातात. पोटाला उत्तम, पण दाढेच्या खाचेत चिकटून बसणारी साखर म्हणजे बशीतल्या त्या म्युटन्स जंतूला आयतं जेवण. साखर खाऊनच तो आम्ल तयार करतो. तुमचा मुलगा येता-जाता तोंडात टाकत असेल तर जेवणाबरोबर द्या, नंतर पाणी प्यायला लावा.

दोन-तीन झाडं अशीही आहेत की नाव फुलाचं आणि काम दुसऱ्या भागाचं. बकुळ दातांसाठी नावाजलेली आहे ती सालीमुळे, ओंजळीत घ्यायच्या फुलांमुळे नव्हे. पिवळी कोरांटी, जिला हिंदीत वज्रदंती म्हणतात, तिचा पाला आणि मूळ वापरतात. तोंड आल्यावर जाईची पानं चघळतात, गजऱ्याची फुलं नाही. अक्कलकऱ्याची बिनपाकळ्यांची पिवळी बोंडं चावली की जीभ चुरचुरते, लाळ सुटते आणि थोडा वेळ बधिरपणा येतो; गंमत म्हणून ठीक, उपचार नव्हे. आणि रुईचा चीक किंवा बिब्बा दाढेत भरू नका, कोणीही सांगितलं तरी. तोंड आतून भाजतं. कण्हेर आणि धोतरा यांच्या वाटेला तर जाऊच नका, ती विषारी झाडं आहेत.

आता सासूबाई. ताई, त्यांचं तोंड फुलांनी बरं होणाऱ्यातलं राहिलेलं नाही. रक्त, वास आणि हलणारे खालचे पुढचे दात, ही सगळी हिरड्यांच्या एकाच दुखण्याची लक्षणं आहेत, आणि सोबतीला शुगर आहे. जिभेखाली लाळेच्या मोठ्या ग्रंथींची तोंडं उघडतात, बरोबर खालच्या पुढच्या दातांच्या मागे. लाळेतले क्षार तिथल्या न घासलेल्या थरावर बसतात आणि काही दिवसांत तो दगडासारखा कडक होतो. तेच किटण. त्यांना आरशासमोर बसवून खालच्या दातांच्या आतल्या बाजूला टॉर्च मारा, पिवळट-काळी भिंत दिसेल. तिच्या आडोशाने जंतू हिरडीखाली उतरतात, हाडाला सूज पोचते आणि हाड झिजतं. दात हलतो तो हाड गेल्यामुळे.

मशीनने दात ढिले होतात, हे मी खुर्चीत बसलेल्या जवळजवळ प्रत्येक म्हाताऱ्या माणसाकडून ऐकते. त्यांचा अनुभव खोटा नसतो, त्यामागचं कारण वेगळं असतं. दात आधीच सैल झालेले असतात आणि किटणाच्या त्या भिंतीने एकमेकांना धरून ठेवलेले असतात. किटण निघालं, सुजलेली हिरडी ओसरली की फटी दिसतात, दोन-चार दिवस ठणकतं, थंड पाणी लागतं. मशीनला पातं नसतं, टोक कंप पावतं आणि पाण्याच्या फवाऱ्याने किटण सुटतं. सासूबाईंना हे आधीच सांगा: फटी दिसतील, घाबरायचं नाही. न सांगता नेलंत आणि नंतर फट दिसली तर पुन्हा कधी येणार नाहीत.

हिरड्यांचं आणि शुगरचं दुखणं एकमेकांना वाढवतं. शुगर वाढलेली असली की हिरडी भरून येत नाही, आणि हिरडीत सूज राहिली की शुगर आटोक्यात यायला कटकट करते. म्हणून दवाखान्यात जाताना मागच्या तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी तपासणी करून कागद बरोबर घ्या.

आणि मिश्री. तव्यावर काळी होईस्तोवर भाजलेला तंबाखू बोटाने हिरडीला चोळायचा, तोही दिवसातून तीन-तीन वेळा. भाजल्याने तंबाखूतली घातक द्रव्यं वाढतात, कमी होत नाहीत. पेस्ट आणि मंजनात तंबाखू घालायला १९९२ पासून देशभर बंदी आहे, पण घरच्या तव्याला ती बंदी लागू होत नाही. मिश्री लावली की बरं वाटतं याचं कारण निकोटीन. त्याने दुखणं झाकलं जातं आणि हात पुन्हा डबीकडे जातो. ‘मिश्रीशिवाय पोट साफ होत नाही’ असं सासूबाईही म्हणत असतील. ते निकोटीनच आतड्याला ढकलतं. सकाळी कोमट पाणी आणि जेवणात पालेभाजी-भाकरी वाढवली की काही दिवसांत तेही जमतं. एकदम सुटत नसेल तर आधी दुपारची बंद करा, मग रात्रीची, सकाळची शेवटी. हात शिवशिवले की बडीशेप किंवा एखादी लवंग चघळू द्या, इथे तुमच्या फुलाचा खरा उपयोग आहे. १८०० ११ २३५६ हा सरकारचा मोफत फोन आहे, तंबाखू सोडायला मदत करतात.

त्यांच्या गालाच्या आत, ओठाच्या मागे, हिरडीवर पांढरा किंवा लाल चट्टा दिसतो का ते आजच बघा. दोन आठवडे झाले तरी न भरलेला व्रण, तोंड पूर्वीसारखं न उघडणं, तिखट अजिबात न सोसणं, यातलं काही असेल तर हे उत्तर बाजूला ठेवा आणि आधी दाखवून या. हे बोलताना सुनेच्या जिभेवर ताबा लागतो, मला ठाऊक आहे. ‘तुमची मिश्री’ असं म्हणू नका. ‘डॉक्टरांनी सदरात छापलंय’ म्हणून मला पुढे करा, शिव्या मला पडू देत.

मिस्टरांची दाढ ठणकते, मग थांबते, आणि ते ‘आते बरं शे’ म्हणत शेताला लागतात. सगळ्यात फसवं हेच. ठणका कायमचा थांबला तर आतली नस मेली असण्याची शक्यता असते, आणि मग जंतू मुळाच्या टोकातून हाडात उतरतात. आज खड्डा भरून भागेल, उद्या रूट कॅनॉल लागेल, परवा दाढ काढावी लागेल. गाल सुजला, ताप आला, गिळताना दुखलं किंवा तोंड उघडेना, तर केळीचा घड कापायचा राहिला तरी चालेल, त्याच दिवशी दवाखाना.

मुलाकडे मी सगळ्यात आधी वळायला हवं होतं. सहा वर्षांच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ येते. कोणताही दात न पडता येते, म्हणून आईबापांना कळतच नाही आणि तिला दुधाची समजून सोडून देतात. ती कायमची असते, आयुष्यभर पुरवायची. बोटाने मोजा: मधल्या फटीपासून मागे सहावा दात असेल तर तीच. तिच्या चावायच्या भागावर खोल खाचा असतात आणि ब्रशचे केस त्यात पोचत नाहीत. डाग लहान असेल तर सिमेंट भरून किंवा खाचा बुजवून ती वाचते. ज्या दाढा अजून चांगल्या आहेत त्यांच्याही खाचा बुजवून घेता येतात, ना सुई ना दुखणं. त्याला फुलांच्या गुळण्या देऊ नका, या वयाची मुलं थुंकतात कमी आणि गिळतात जास्त. वाटाण्याएवढी पेस्ट, रात्रीचं घासणं तुमच्या हाताने. एवढं पुरे.

बाजारातला किडा काढणारा. दातात किडा नसतो, ताई. कीड हा शब्द जुना आहे, पण खड्डा पाडतं ते जंतूंचं आम्ल. ही मंडळी बहुतेक भुईरिंगणीच्या बिया निखाऱ्यावर टाकून नळीने धूर तोंडात सोडतात, मग पाण्यात किंवा कापसावर पांढरे, वळवळीत दिसणारे ‘किडे’ दाखवतात. रिंगणीच्या बीमध्ये वळलेला पांढरा कोंब असतो. उष्णतेने बी फुटलं की तो बाहेर पडतो आणि पाण्यात पडला की आळीसारखा दिसतो. खात्री करायची तर कोणाच्याही तोंडात धूर न देता तसंच बी निखाऱ्यावर टाकून बघायला सांगा. किडे तेवढेच निघतील. त्याला द्यायचे पैसे वाचवा, आणि एकच नळी किती तोंडांत जाते तेही बघून घ्या.

दवाखान्याचं गणित जड वाटत असेल तर उपजिल्हा रुग्णालयात दातांचे डॉक्टर कोणत्या वारी असतात ते विचारून घ्या. धुळ्याला दंत महाविद्यालय आहे. तिथे विद्यार्थी शिक्षकांच्या नजरेखाली किटण काढतात, दाढा भरतात. वेळ जास्त जातो, पैसे कमी लागतात. आधी मुलगा आणि मिस्टर, त्याच फेरीत सासूबाईंना ‘नुसतं बघायला’ म्हणून बरोबर घ्या. नातवाला खुर्चीत हसत बसलेलं पाहिलं की आजी बसतात.

राहिला कडुनिंबाचा मोहोर. त्याचं मंजन करायला बसू नका, आणि त्यात मीठ, राखुंडी किंवा कोळसा तर मुळीच मिसळू नका, दाताचं कवच खरवडलं जातं. दातवणाची सवय असेल तर कडुनिंबाची कोवळी काडी वापरा, ब्रशच्या जोडीला. मोहोर गूळ-जिऱ्याबरोबर चटणीत घाला, उरला तर धान्याच्या कोठीत ठेवा.